धर्मशाळेच्या बाहेर निजणारे गाडगेबाबा



दिंडीला शंभर वर्षे पुरी होत आहेत, स्मरणिकेत एक संतचरित्र पाहिजे, ते तुम्ही लिहा, असे मंडळींनी सांगितले. ज्ञानोबा-तुकोबांवर लिहिणारे अधिकारी पुष्कळ आहेत. मी गाडगेबाबांवर लिहितो म्हणालो, तर एक-दोघांनी शंका काढलीच. बाबा कोणत्या फडाचे नव्हते, पंढरीला जाऊनही देवळात शिरत नसत, मग वारकऱ्याच्या ग्रंथात त्यांचे काय काम? माउली, काम आहे. यंदा पंढरपुरात दिंडीची स्वतःची जागा व्हावी म्हणून वरवट बकालात वर्गणी चालू आहे. वर्गणीबरोबर बोलणीही चालू आहेत. जागा कोणाच्या नावावर करायची, दगडावर नाव कोणाचे कोरायचे, हिशेबाची वही कोणाच्या घरी राहणार. अशा वेळी ज्या माणसाने गावोगाव धर्मशाळा उभ्या केल्या आणि स्वतः मात्र बाहेर झाडाखाली निजला, त्याचे चरित्र वाचलेले बरे.

आणि बाबा परके नव्हेत, आपल्या पूर्णाकाठचेच. शेगावला जाताना आपण जी पूर्णा ओलांडतो, तीच वर अमरावती-अकोल्याकडून येते. बाबांचे सारे बाळपण आणि तरुणपण त्या नदीच्या खोऱ्यात गेले. तीच काळी चिकण माती, तेच खाऱ्या पाण्याचे विहीर-बोअर, तीच कपाशी-ज्वारीची वावरं.

२३ फेब्रुवारी १८७६ ला अमरावती जिल्ह्यातल्या शेंडगावी एका परिटाच्या घरी त्यांचा जन्म झाला. नाव डेबू. बापाचे नाव झिंगराजी, आईचे सखुबाई, आडनाव जाणोरकर. झिंगराजी दारूपायी गेले. लेकरू सात-आठ वर्षांचे होते. सखुबाई त्याला घेऊन माहेरी आली, मूर्तिजापूर तालुक्यातल्या दापुऱ्याला. आजोबा हंबीरराव, मामा चंद्रभान. तिथे डेबूजी ढोरं राखू लागले, पुढे नांगर धरू लागले. पोहण्यात पटाईत, पुराच्या पूर्णेत उडी घेणारे. शाळेचे तोंड काही पाहिले नाही.

आता इथे थोडे थांबले पाहिजे, कारण पुढच्या साऱ्या आयुष्याचे मूळ मला इथे दिसते. मामा चंद्रभान भला माणूस, पण अंगठाबहाद्दर. सावकाराशी व्यवहार झाला. पैसे वेळोवेळी भरले, पण पावती घेतली नाही. शब्दावर चालणारी माणसे ती. सावकाराच्या वहीत मात्र बाकी वाढतच गेली आणि एक दिवस ज्या वावराला डेबूजींनी घाम गाळून सोन्यासारखे केले होते, ते वावर सावकाराचे झाले. मामा त्या धक्क्याने खचले आणि गेले. सावकाराची माणसे ताबा घ्यायला आली, तेव्हा औतावर असलेल्या डेबूजींनी त्यांना वावरातून पिटाळून लावले. गावात त्याची मोठी चर्चा झाली, सावकारही थोडा नरमला. पण हातची जमीन कागदावर कशी जाते हे त्या तरुण पोराने डोळ्यांनी पाहिले. ज्याने पावती घेतली नाही त्याचे खरे असूनही खोटे ठरते, हे त्याला शाळेत न जाता कळले.

आपल्या भागात हे कोणाला समजावून सांगायची गरज नाही. किती घरांत अशी एखादी गोष्ट आहे. तरी अजूनही भिशीत, वर्गणीत, देवाच्या पैशात आपण पावती मागायला लाजतो. देवाच्या कामाला पावती कशाला, असे म्हणतो.

१८९२ साली कुंताबाईंशी लग्न झाले. लेकीच्या बारशाला जातीच्या रिवाजाप्रमाणे मटण आणि दारूची पंगत व्हायची होती. डेबूजींनी ती मोडून गोडाचे जेवण घातले. जातभाई रागावले, पण बापाला दारूने नेलेले ज्याने पाहिले त्याच्या दारात दारू कशी येणार. संसार नीट चालला होता, शेती होती, लेकरे होती. आणि १ फेब्रुवारी १९०५ ला, वयाच्या एकोणतिसाव्या वर्षी, रात्री ते घर सोडून निघाले. अंगावर फाटके, हातात काठी आणि एक फुटके मातीचे गाडगे. त्याच गाडग्यात भाकर घ्यायची, त्यातच पाणी प्यायचे, ऊन लागले तर तेच डोक्यावर पालथे घालायचे. पुढे लोकांनी त्यावरूनच नाव पाडले. चिंध्यांचा अंगरखा, एका कानात कवडी, दुसऱ्या कानात फुटक्या बांगडीची काच, हातात खराटा, हे रूप आपल्या आज्या-पणज्यांनी पाहिलेले आहे.

बारा वर्षे असेच भटकण्यात गेली. कोणाच्या वावरात न सांगता काम करायचे, भाकर मिळाली तर खायची, मालक नाव विचारायला आला की पुढच्या गावची वाट धरायची. गावात शिरले की आधी रस्ता झाडायचा. कोणी वेडा म्हटले, कोणी मारलेही. ह्या बारा वर्षांविषयी चरित्रकारांनी पुष्कळ लिहिले आहे, मी जास्त लिहीत नाही. आपल्याला पाहायचे आहे ते पुढचे.

ऋणमोचन हे गाव अमरावती जिल्ह्यात पूर्णेच्या काठी आहे. पौष महिन्यात रविवारी तिथे यात्रा भरते. नदीत स्नान केले की ऋण फिटते अशी श्रद्धा, म्हणून ते नाव. यात्रेकरू नदीकडे उतरत तेव्हा गुडघा गुडघा चिखल असे. पूर्णाकाठचा चिखल कसा असतो हे आपल्याला ठाऊक आहे, पाय आत गेला की चप्पल ठेवूनच बाहेर येतो. म्हाताऱ्या बाया पडत, लेकरे रुतत. बाबांनी आधी काय केले, तर उतारावर उभे राहून माणसांना हात दिला, ओझी उचलून नेली, माती टाकून वाट केली. वर्षाला काही दिवस एका माणसाच्या दोन हातांनी जेवढे होईल तेवढे केले. मग त्यांच्या ध्यानात आले असावे की हात कितीही राबला तरी पुढच्या पौषात चिखल तसाच राहणार. १९०८ च्या सुमारास त्यांनी लोकांना हाताशी धरून तिथे घाट बांधवला. कोणी दगड दिला, कोणी गाडी दिली, कोणी अंगमेहनत दिली, कोणी पैसा. एकट्याच्या सेवेपासून सगळ्यांच्या कामापर्यंतचा हा टप्पा मला फार मोठा वाटतो. पुढे ऋणमोचनच्या यात्रेत गोरगरिबांना, आंधळ्या-पांगळ्यांना जेवण आणि कपडालत्ता वाटायची रीतही त्यांनी पाडली.

योगायोग पहा, साधारण त्याच वेळी, १९०८ साली, आपल्या शेजारी शेगावात गजानन महाराजांच्या हयातीतच संस्थानाची व्यवस्था पंचमंडळींच्या हाती दिली गेली. आपल्या संतांना विश्वस्त, पंच, वही हे परके कधीच नव्हते. पुढे तेच संस्थान दवाखाने चालवू लागले, कॉलेज काढले, सातपुड्याच्या पायथ्याच्या गावांतल्या भजनी मंडळांना टाळ-मृदंग देऊ लागले. एका जागी जमलेले दान हिशेबात राहिले तर ते दूरच्या गावापर्यंत पोचते.

बाबांची पंढरपूरची पहिली मोठी धर्मशाळा म्हणजे चोखामेळा धर्मशाळा. ही १९१७ च्या सुमाराची गोष्ट. तेव्हाची पंढरी डोळ्यांपुढे आणा. आषाढीचा पाऊस, लाखभर माणूस, आणि त्यात महार-मांगांच्या दिंड्या. त्यांना देऊळ बंद होतेच, पण वाड्यांतही जागा नाही, मठांतही नाही. वाळवंटात नाहीतर एखाद्या भिंतीच्या कडेला भिजत रात्र काढायची आणि लांबूनच कळस पाहून परत फिरायचे. बाबा स्वतः पंढरीला जात, चंद्रभागेचे वाळवंट झाडत, भक्तांची घाण उचलत आणि विठोबाच्या गाभाऱ्यात न जाताच परतत. त्यांनी ही माणसे भिजताना पाहिली. ज्यांना गावात कोणी ओसरीवर घेत नाही त्यांच्यासाठी पक्के छप्पर झाले पाहिजे असे ठरवले आणि कीर्तनाकीर्तनांतून त्यासाठी लोकांना मागितले.

धर्मशाळेला नाव चोखोबांचे दिले. चोखोबा तर आपल्या बुलढाणा जिल्ह्यातले, देऊळगाव राजाजवळच्या मेहुणा राजाचे, असे आपण मानतो. आयुष्यभर ज्यांना महाद्वाराच्या आत येऊ दिले नाही आणि ज्यांची समाधी त्याच दाराशी आहे, त्यांच्या नावाने पंढरीत छप्पर झाले. साने गुरुजींच्या उपोषणानंतर विठोबाचे देऊळ सर्वांना खुले झाले ते १९४७ साली. म्हणजे देवाने दार उघडायच्या तीस वर्षे आधी परिटाच्या पोराने दार बांधले. (देवाला दोष देत नाही, दार माणसांनीच लावले होते.)

त्यानंतर पंढरपुरात मराठा धर्मशाळा झाली, परिटांची धर्मशाळा झाली. नाशकात गोदावरीकाठी १९३२ च्या सुमारास मोठी धर्मशाळा आणि सदावर्त झाले. आळंदी, देहू इथेही काम झाले. मूर्तिजापूरला गोरक्षण आणि धर्मशाळा झाली. सगळ्यांची यादी देत बसत नाही.

एक गोष्ट मात्र मला खुपते आणि ती लिहिली पाहिजे. कीर्तनात जातीवर कोरडे ओढणाऱ्या बाबांनी धर्मशाळा मात्र जातीच्या नावाने का बांधल्या? ह्यावर मी जाणत्यांशी बोललो आहे. त्यांचे म्हणणे असे की त्या काळी सगळ्यांसाठी म्हणून बांधली असती तर वरच्या जातींनी ती बळकावली असती आणि गरीब पुन्हा वाळवंटात गेला असता. शिवाय आपल्या जातीसाठी म्हटले की पैसा लवकर सुटतो, तेव्हाही आणि आताही. हे पटते, पण पुरते पटत नाही. त्या नावांनी आपण अजूनही धर्मशाळा ओळखतो आणि कोणत्या धर्मशाळेत उतरलात ह्यावरून जात ओळखतो. बाबांना हे आवडले नसते असे मला वाटते.

आता पैशाची गोष्ट. मुंबईचे शेटजी, गावचे पाटील, गिरणीतले कामगार, भाजी विकणारी बाई, सगळ्यांनी बाबांच्या शब्दावर पैसा दिला. बाबांनी तो हातात धरला नाही. जो देईल त्याने पंचांकडे द्यायचा, पंचांनी वहीत लिहायचा, चुना-वीट-लाकूड कशाला किती लागले ते त्या वहीत दिसायचे. लिहिता-वाचता न येणाऱ्या ह्या माणसाने कागदाची मात्र कधी कसूर केली नाही. धर्मशाळा झाली की तिचे रीतसर विश्वस्तपत्र करायचे, विश्वस्त नेमायचे, जागा त्यांच्या ताब्यात द्यायची आणि आपण पुढच्या गावाला निघायचे. त्या कागदात त्यांनी आपल्या वारसांचा, नातेवाइकांचा काहीही हक्क राहणार नाही असा बंदोबस्त केला. कुंताबाई ऋणमोचनला झोपडीत राहत. नवऱ्याच्या शब्दावर लाखाच्या इमारती उठत होत्या आणि बायको झोपडीत. ह्याचा अभिमान वाटावा की कुंताबाईंची कीव यावी, मला अजून ठरवता आलेले नाही. त्यांचे चरित्र कोणी वेगळे लिहिले पाहिजे.

बाबा स्वतः धर्मशाळेत उतरत नसत. त्यांच्याच प्रेरणेने चाललेल्या सदावर्तात पंगत उठायची आणि ते गावात भाकर मागून खायचे. रात्री बाहेर झाडाखाली. मी हे लहानपणी ऐकले तेव्हा मला वाटे, हा निव्वळ वैराग्याचा हट्ट. आता दिंडीची वर्गणी गोळा करताना उमजते. ज्याने एक रात्र फुकट काढली तो दुसऱ्या रात्री खोली मागतो, तिसऱ्या वर्षी भाच्याला व्यवस्थापक करतो. बाबांनी पहिली रात्रच काढली नाही.

त्यांचे मन दगडाचे होते असे मात्र कोणी समजू नये. १९२३ साली कोकणात खारेपाटणला कीर्तन रंगात असताना एकुलता मुलगा गोविंदा गेल्याची खबर आली. बाबांनी कीर्तन थांबवले नाही, पुढे नेले. पण असे करायला आत काय लागले असेल ते ज्याचे लेकरू गेले आहे त्यालाच कळेल.

कीर्तन तरी कसे असे! ना तंबोरा, ना फेटा. खराट्याने मैदान झाडून झाले की गोपाळाचा गजर सुरू, आणि मग समोरच्यालाच प्रश्न. देव नवसाला पावतो का, बकरे मारून कोणाचे भले झाले, कर्ज काढून तीर्थाला जाणारा शहाणा की घरी राहून पोराला शाळेत घालणारा. लोकच उत्तर देत, हसत आणि हसता हसता गप्प होत. ऋण काढून सण करू नका, तीर्थ करू नका, हे त्यांचे सांगणे वारकऱ्यालाही लागू आहे. वारी शिदोरीवर करायची असते, सावकाराच्या पैशावर नाही. जेवायचे ताट मोडा पण पोराला शिकवा, अशा अर्थाचे ते वारंवार सांगत, कारण मामाच्या अंगठ्याची किंमत त्यांना ठाऊक होती.

म्हणूनच त्यांची माया शाळा काढणाऱ्यांवर फार होती. साताऱ्याचे कर्मवीर भाऊराव पाटील रयत शिक्षण संस्था चालवत. त्या संस्थेचे सरकारी अनुदान एकदा बंद पडले होते. तेव्हा बाबांनी मुख्यमंत्री बाळासाहेब खेरांकडे भाऊरावांसाठी शब्द टाकला, असे सांगतात. स्वतःच्या संस्थेसाठी नव्हे, दुसऱ्याच्या संस्थेसाठी. १९५४ साली रयतने कऱ्हाडला कॉलेज काढले त्याला सद्गुरू गाडगे महाराजांचे नाव दिले. शाळेची पायरी न चढलेल्याच्या नावाचे कॉलेज!

डॉ. बाबासाहेब आंबेडकरांवर बाबांचा असाच जीव. बाबासाहेबांनी १९४५ साली पीपल्स एज्युकेशन सोसायटी स्थापन केली होती. पंढरपूरला मुलांच्या वसतिगृहाची गरज होती. तेव्हा १९४९ साली बाबांनी चोखामेळा धर्मशाळा त्या सोसायटीकडे सोपवली. इतक्या वर्षांपूर्वी दारोदार मागून उभी केलेली ती वास्तू. आपल्या नावाची पाटी लावा म्हणून अट नाही, आपला माणूस कमिटीत घ्या म्हणून हट्ट नाही. पूर्वी तिथे वारीच्या दिवसांत वारकरी राहत, बाकी वर्षभर खोल्या रिकाम्या. आता त्याच खोल्यांत पोरे बारमाही राहून शिकणार. दिलेले दान अधिक उपयोगी पडते तिथे पुन्हा द्यावे, हे बाबांना सुचले आणि त्यांनी केलेही. आज एका संस्थेची सतरंजी दुसऱ्या संस्थेला एका रात्रीपुरती मिळणे कठीण. माझाच अनुभव आहे, नाव घेत नाही. एका तीर्थाच्या गावी भर पावसात आमच्या मंडळींना मोकळा हॉल असूनही ओसरीवर काढावी लागली, कारण आम्ही त्यांच्या सभासदांच्या यादीत नव्हतो.

पुढे वय झाले. इतक्या ठिकाणच्या धर्मशाळा, सदावर्ते, शाळा वेगवेगळ्या पंचांच्या हाती होत्या, त्यांना एका व्यवस्थेत आणणे जरुरीचे झाले. ८ फेब्रुवारी १९५२ ला गाडगे महाराज मिशनची स्थापना झाली. १९५४ साली मुंबईत जे. जे. हॉस्पिटलजवळ धर्मशाळा झाली. हिचे महत्त्व तीर्थाच्या धर्मशाळेहून तसूभरही कमी नाही. खेड्यातला माणूस पेशंटला घेऊन मुंबईला जातो, पेशंटला खाट मिळते, सोबतच्या माणसाने कुठे पडायचे? फुटपाथवर. बाबांना ती फुटपाथवरची माणसे चंद्रभागेच्या वाळवंटातल्या माणसांसारखीच दिसली. दादरलाही पुढे त्यांच्या नावाची धर्मशाळा कॅन्सरच्या पेशंटांसाठी झाली. टाटा हॉस्पिटलला गेलेल्या विदर्भातल्या माणसांना ती ठाऊक आहे. मुंबईसारख्या गावात गाडगेबाबांचे नाव सांगून पाठ टेकायला जागा मिळते, हे तिथे राहून आलेल्यांकडून ऐकावे.

८ नोव्हेंबर १९५६ ला मुंबईत वांद्र्याच्या पोलीस वसाहतीत बाबांचे कीर्तन झाले. त्याचे ध्वनिमुद्रण झालेले आहे, ज्यांनी ऐकले नसेल त्यांनी जरूर ऐकावे, आवाज थकलेला आहे पण जोर तोच. ६ डिसेंबरला बाबासाहेब गेले. बाबांनी त्या बातमीने अन्नपाण्यावरची वासना काढली असे सांगतात. त्यानंतर चौदा दिवसांनी, २० डिसेंबर १९५६ ला, गाडीतून अमरावतीकडे नेत असताना वलगावजवळ पेढी नदीच्या पुलावर त्यांचा प्राण गेला. समाधी अमरावतीला आहे. त्या वस्तीला आता गाडगेनगर म्हणतात, आणि ज्या विद्यापीठात आपल्या बुलढाणा जिल्ह्यातली पोरे परीक्षा देतात त्या अमरावती विद्यापीठालाही २००५ पासून त्यांचेच नाव आहे. सरकारने २००० साली ग्रामस्वच्छतेचे अभियान काढले तेही त्यांच्या नावाने.

आपल्या जागेच्या कमिटीच्या बैठकीला येताना प्रत्येकाने आपली पावती सोबत आणावी. ज्यांना पावती मिळाली नसेल त्यांनी लाजू नये, मागून घ्यावी.